विचारायचं नाही, काका

रस्ता माहीत असला तरी चौकशीकाका तो विचारायचेच. लग्न झाल्यापासून डोंबिवलीत राहिलेला माणूस, पण स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला थांबवून "भाजी मार्केट कुठून हो?" म्हणणार. तो हात करून सांगणार, काका मान डोलावत नीट ऐकून घेणार आणि मग मुद्द्यावर येणार, "तुम्ही कुठले?" रिक्षावाला जौनपूरचा निघाला म्हणून काकांचं काही अडायचं नाही. तिकडे आंबे कुठल्या जातीचे, पाऊस कधी धरतो, मुलं तिकडे की इकडे, सगळं काढून घेणार. मेथीची जुडी घेऊन घरी पोचेपर्यंत काकूंची आमटी गार. मी एकदा म्हटलं, "काका, रस्ता तर तुम्हाला ठाऊक आहे." "रस्ता ठाऊक आहे गं," काका म्हणाले, "तो रिक्षावाला कुठे ठाऊक होता?"

चौकशीकाका हे नाव आमच्या क्लबातल्या पोरांनी ठेवलेलं, स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीवरून. खरं तर त्या खिडकीवर लोक विचारतात आणि आतला माणूस सांगतो. काकांचं उलटं होतं. पण नाव चिकटलं आणि काकांना ते आवडलंही. शहाडच्या एका कारखान्यात नोकरी करून ते निवृत्त झालेले, मूळ गाव राजापूरकडचं. तिकडे पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर दहा प्रश्न मिळतात, ती सवय त्यांनी इकडे येताना बरोबर आणलेली.

आमचा क्लब ओरिएंटीअरिंगचा आहे. हे सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे ट्रेकिंग ना? ट्रेकिंग नव्हे. हातात एक नकाशा आणि होकायंत्र मिळतं. रानात किंवा मोठ्या बागेत ठिकठिकाणी भगव्या-पांढऱ्या कापडाच्या खुणा टांगलेल्या असतात. त्या नकाशावरून ओळीने शोधायच्या, प्रत्येक खुणेपाशी लटकवलेल्या टोचणीने आपलं कार्ड टोचायचं आणि परत यायचं. जो आधी येईल तो जिंकला. मोबाइल बंद. आणि वाटेत कुणालाही काही विचारायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. अशा खेळात काका कसे शिरले? तर विचारत विचारत. एका रविवारी बागेत आमचा सराव होता आणि ते सकाळची फेरी मारायला आलेले. हे काय टांगलंय, कुणी टांगलं, वारा आला तर उडत नाही का? आमचे सर, म्हणजे क्लबचे अध्यक्ष, शाळेत खेळ शिकवतात. त्यांचा धीर तसा बेताचाच. शेवटी त्यांनी काकांच्या हातात नकाशाच देऊन टाकला. पुढच्या रविवारी काका नवे कोरे बूट घालून हजर.

त्या वर्षी येऊरच्या रानात जोडी स्पर्धा होती. माझी जोडीदारीण आदल्या दिवशी तापाने झोपली आणि सरांनी काकांना माझ्या गळ्यात बांधलं. मला जिंकायचं होतं, हे सांगून टाकते. क्लबच्या बातम्या ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे आहे. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पदकांच्या बातम्या लिहून मला वीट आलेला. पहिल्या काही खुणा आम्हाला पटापट मिळाल्या. मग ओढ्याकाठची एक खूण काही केल्या सापडेना. मी नकाशा फिरवून फिरवून बघतेय, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "अहो ताई, इथे कुठे दिवा नसलेला आकाशकंदील टांगलेला बघितलात का?"

डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई उभी होती. ती हसली. हनुवटीने तिने वरच्या अंगाला दाखवलं. "त्या मोठ्या दगडाच्या मागं हाय." काकांनी तिचे आभार मानले, पाडा कुठला ते विचारलं, मोळी उतरवायला हात लावू का म्हणाले. मी झाडाआड उभी राहिले. मी त्यांच्याबरोबर नाही असंच दिसावं म्हणून. खूण दगडामागेच होती आणि मी मुकाट्याने कार्ड टोचलं.

आमचा तिसरा नंबर आला. वर्तकनगरच्या एका सभागृहात बक्षीस समारंभ होता. गळ्यात पदक पडल्यावर सगळ्यात वयस्कर स्पर्धक म्हणून सरांनी काकांच्या हातात माइक दिला. काका खूश. म्हणाले, "ह्या पदकाचा मान खरा त्या मोळीवाल्या ताईंचा. त्यांनी दगड दाखवला नसता तर आम्ही अजून ओढ्यात असतो." सभागृहात हशा पिकला. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. सरांनी माइक काढून घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही जोडी बाद. काका गोंधळले. "विचारायचं नाही? मग हरवल्यावर करायचं काय?" सर म्हणाले, "विचारायचं नाही, काका. हरवायचं. आणि आपलं आपण सापडायचं." पुन्हा सगळे हसले. पदक काढताना काकांची टोपी खाली पडली, ती उचलायला कुणी वाकलं नाही. मीही नाही.

बसस्टॉपवर मी त्यांना तोंडावर सांगितलं, "काका, आज मला तुमची लाज वाटली." एरवी ह्या माणसाने त्यावरही दोन प्रश्न विचारले असते. कशाची वाटली, कधीपासून वाटली. त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणाले. बस आली, आम्ही चढलो. शेजारी बसलेल्या माणसाला त्यांनी गाव विचारलं नाही.

त्यानंतर काकांनी एकच ध्यास घेतला. एक स्पर्धा पुरी करायची, कुणाला न विचारता. मला म्हणाले, "एकदा स्वच्छ करून दाखवतो, मग बूट टांगले तरी चालतील." आणि माणूस हट्टाने सराव करायला लागला. नकाशावरच्या रेषा शिकला, होकायंत्र शिकला. बागेत ओळखीचं कुणी दिसलं तर वाट बदलायची. दुकानात जाऊन लागेल ते स्वतः शोधायचं. काकू एकदा मला हसत हसत सांगत होत्या, "अगं, ह्यांनी मलासुद्धा विचारणं सोडलंय. परवा चहाला साखर हवी होती, तर एकेक डबा उघडत बसले. रवा, पोहे, मीठ, सगळं चाखून झालं. मी इथे समोर बसलेय." मीही हसले. सरांना सांगितलं तर तेही हसले आणि म्हणाले, "चला, शिस्त लागली." मला तर अभिमानच वाटला. मी घडवलेला माणूस म्हणून.

मग उन्हाळा लागताना शहाडला, उल्हास नदीच्या काठाने स्पर्धा ठेवली. काका ज्येष्ठांच्या गटात एकटे उतरले. निघताना माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. एकेक करून सगळे परत आले, काका आले नाहीत. ऊन चढलं. स्पर्धेची वेळ संपली, खुणा काढायला माणसं गेली, तरी काका नाहीत. मोबाइल आमच्याच पेटीत जमा. सर, मी आणि दोन पोरं शोधायला निघालो.

नदीवर एक माणूस म्हशी धूत होता. त्याला विचारलं. आम्ही विचारलं, कारण आमच्यावर नियम नव्हता. तो म्हणाला, "टोपीवाले काका ना? ह्याच वाटेने इकडून तिकडे, तिकडून इकडे जातायत. मी दोनदा हाक मारली, काय शोधताय म्हणून. मान हलवली आणि गेले. भांडण बिंडण झालंय का घरी?"

वीटभट्टीच्या मागे, भिंतीच्या हातभर सावलीत काका बसलेले सापडले. तोंड लाल, ओठ सुकलेले, पाण्याची बाटली रिकामी. पलीकडे भट्टीवरच्या माणसांच्या झोपड्या होत्या. बायका चुलीपाशी बसलेल्या, दारात पाण्याचे हंडे भरलेले. मला बघून काका उठायला लागले, ते जमेना. म्हणाले, "विचारलं नाही हं कुणाला."

"अहो काका, पाणी तरी मागायचंत," मी ओरडलेच. पाणी मागायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती.

"पाणी मागितलं असतं तर बोलणं वाढलं असतं," काका म्हणाले. "मला मी ठाऊक आहे ना."

त्या झोपड्यांतली एक बाई न बोलावता तांब्या घेऊन आली. काकांनी पाणी घटाघट प्यायलं, हात जोडले, आणि तिला एक शब्द विचारला नाही. सर वळून नदीकडे बघत राहिले. नंतर त्यांनी काकांना प्रमाणपत्र देऊ केलं, पूर्ण केल्याचं. काका म्हणाले, "दोन खुणा राहिल्या, सर. खोटं नको." संध्याकाळी मी ग्रुपवर बातमी टाकली: शहाडची स्पर्धा उत्साहात पार पडली, सर्व स्पर्धक सुखरूप परतले. खाली अंगठ्यांची रांग लागली. काकांनी पण अंगठा दिलेला. फोन उलटा ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. माझी मलाच शरम वाटत होती.

त्यानंतर ते क्लबात आले नाहीत. मी दोनदा घरी गेले, "या हो काका" म्हणाले. ते हसायचे, चहा पाजायचे, गुडघ्याचं कारण सांगायचे. मला वाटलं, थोडे दिवस जाऊ देत, पुन्हा पहिल्यासारखे होतील. रिक्षावाल्याशी बोलताना दिसले की समजायचं.

दिसले ते ठाण्याच्या एका मोठ्या इस्पितळात. काकूंच्या पित्ताशयात खडे झालेले, ऑपरेशन ठरलेलं. मी भेटायला म्हणून गेले, तर तळमजल्यावरच्या एका लांब बोळात काका. हातात औषधांची पिशवी, भिंतीवरच्या पाट्या वाचत चाललेत, पुढे जातात, थांबतात, मागे येतात. दोन्ही बाजूंनी नर्स, वॉर्डबॉय, नातेवाईक, एवढी माणसं ये-जा करत होती. कोपऱ्यावर खुर्चीत पहारेकरी बसलेला. काका त्याच्या समोरून गेले.

मी धावत गाठलं. "काका, काकू कुठल्या मजल्यावर?"

"चौथ्या. औषध आणायला खाली आलो, आता ती लिफ्टच मिळत नाही. दुसऱ्या लिफ्टने गेलो तर भलतीकडेच निघालो."

"अहो मग विचारायचं ना कुणालातरी. हा समोर माणूस बसलाय."

काकांनी त्या पहारेकऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. थोडं हसल्यासारखं केलं. "सवय गेली गं," म्हणाले.

मी विचारलं. पहारेकऱ्याने जागेवरूनच हात दाखवला. लिफ्ट त्याच्या पाठीमागेच होती. वर पोचलो तर काकूंची खाट रिकामी. नर्स म्हणाली, आत्ताच आत नेलं, आम्ही किती वाट बघितली तुमची. काका पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. मी शेजारी बसले. ऑपरेशन व्यवस्थित झालं, डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले, तेव्हाही काकांनी त्यांना काही विचारलं नाही. विचारलं सगळं मीच.

दुसऱ्या दिवशी काकूंना बोलता येत होतं. काका बाहेर चहा आणायला गेले तेव्हा काकूंनी माझा हात धरला. तक्रार नव्हती त्यांच्या आवाजात, घडलेलं सांगतात तसं सांगत होत्या. "आत नेताना मी सारखी दाराकडे बघत होते गं. नर्स पोरी म्हणाल्या, आजोबा येतीलच आजी, आम्ही आहोत. पण मला वाटलं, हा माणूस पुन्हा पहिल्यासारखा कुठे बोलत उभा राहिलाय कुणाशी, विसरला वाटतं मला."

"काका कुणाशीच बोलत नव्हते हो काकू," एवढंच मला सांगायचं होतं. तेवढ्यात काका आत आले. काकूंनी हात सोडला, आणि ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. घरी आणल्यावर महिन्याभरात दोघं गावी राहायला गेले.