पायऱ्या उतरणारी रंभा

तळ्याकाठच्या त्या गावात रुखमाबाई धिवरीण म्हणजे तोंडाची फाटकी. चिमूरच्या बाजारात मासळी घेऊन बसली की पाटलीणबाईलाही सोडायची नाही. अशी बाई एकाएकी आजूबाजूच्या गावांत दारोदार फिरून ‘एक खोली द्या जी, एका दुपारपुरती’ असं हात जोडून मागू लागली. लोक म्हणाले, लेक गेली, संगं डोकंही गेलं. लोकांचं काय जातं बोलायला?

डोकं चांगलं ठिकाणावर होतं. झालं असं, की सत्तावनच्या हिवाळ्यात सरकारी प्रचाराची मोटार गावात आली होती. हैज्यावर, म्हणजे पटकीवर, सिनेमा काढायचा होता. खराब पाणी कसं असतं ते दाखवायला साहेबांना हेच तळं पसंत पडलं, आणि पाणी भरायला त्यांनी रंभाला बोलावलं. रुखमाबाईची एकुलती एक लेक, पंधराची. पोरगी तळ्याच्या पायऱ्या उतरली, पाण्याचा पितळी गुंड बुडवला, डोक्यावर घेतला आणि वर येता येता मागं वळून हसली. साहेब म्हणाले, हसू नको. पण तोवर हसून झालं होतं.

पुढच्याच जेठात रंभा हैज्यानं गेली. सकाळी तिनं तळ्याचं पाणी भरलं होतं, आणि दिवस बुडायच्या आत तिला माती दिली. तिच्या बापानं, लटारूनं, आठ दिवस जाळं हातात धरलं नाही.

त्यानंतरच्या पुसात, ऐन थंडीत, तीच मोटार सिनेमा घेऊन आली. मशीन चालवणारा केवळराम नावाचा भला माणूस होता. त्या साली जंगलात वाघ माणसावर उठला होता, दिवस कलला की कोणी घराबाहेर पडेना. म्हणून भर दुपारी घरातच खेळ करायचा, दारं लावून, फटींवर चटया टांगून. पहिलं घर रुखमाबाईनंच दिलं. लटारू पडद्याकडे पाठ करून ओसरीवर बसला. आत पडदा म्हणून टांगलेल्या पांढऱ्या धोतरावर रंभा पायऱ्या उतरली, वर आली, हसली. खेळ संपला. रुखमाबाई उठली ती मनाशी ठरवूनच. जी जी गावं तळ्याचं पाणी पितात, त्या प्रत्येक गावानं हे पाहिलं पाहिजे. मोटारीच्या आधी ती पायी जाऊन घर ठरवू लागली.

लोक यायचे हो, मुंगी शिरायला जागा नसायची. पण पाहायचे काय? ‘अबे, तो पाह्य सोमाजीचा बैल!’ सिनेमातला माणूस हिंदीत काय सांगतो याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. मग रुखमाबाईच पडद्याजवळ उभी राहायची. ‘हे माही रंभा. हेच पाणी पेली न मेली. पाणी उकळून पेत जा, नाई तं सरकारले विहीर मागा.’ बाया पदरानं डोळे पुसत. म्हणत, गोड होती वं लेकरू. आणि घरी जाऊन तळ्याचंच पाणी पीत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्यात सिनेमाची फीत तुटू लागली. नेमकी रंभापाशीच. एकदा फाटली, केवळरामनं फाटका तुकडा कापून जोड दिला, आणि तो जोड दर खेळाला उकलायचा. दर वेळी चार बोटं फीत कापावी लागे. आधी हसू गेलं. मग वर येणं गेलं. कापलेले तुकडे केवळराम तिला देई. ती ते पदराच्या गाठीत बांधून ठेवी. उन्हात धरले की नखाएवढी रंभा दिसायची, पण हलत नव्हती.

‘बाई, आता बंद करू,’ केवळराम म्हणाला. ‘जेवढे खेळ करून राह्यलो, तेवढी तुमची पोरगी कमी होऊन राह्यली.’

‘नाई दाखोलं तं लोकायच्या पोरी कमी होतीन,’ रुखमाबाई म्हणाली. म्हणाली खरी, पण त्या रात्री ती पदराची गाठ उशाशी घेऊन निजली.

चैतात सातवा खेळ होता. चार कोसांवर हैजा लागल्याची बातमी होती. गुणवंतराव कुणब्याचं घर मोठं, त्यानं माजघर दिलं. खेळाआधी रुखमाबाईनं त्याच्या सुनेला, वच्छलाला सांगून ठेवलं होतं, की लोकांना द्यायला हंडाभर पाणी उकळून ठेव. खेळ सुरू झाला आणि फीत तुटली. केवळरामनं कापून जोडली, पुन्हा लावली. रंभा पायऱ्या उतरली, आणि लगेच पडद्यावर सुई घेतलेला डॉक्टर आला.

अंधारात कोणीतरी विचारलं, ‘ते पोरगी वरते काऊन नाई आली?’

रुखमाबाई दाराकडे वळली.

दारं उघडली. माणसं घामानं निथळत होती. घरी आलेल्याला पाणी द्यायची रीत, गुणवंतरावानं सुनेला हाक दिली. उकळलेल्या पाण्याला धुराचा वास येत होता म्हणून वच्छलानं ते बैलांना पाजलं होतं. तिनं गुंड उचलला. घर तळ्याकाठीच होतं, दारातून रुखमाबाईला सगळं दिसत होतं. वच्छला पायऱ्या उतरली, गुंड बुडवला, डोक्यावर घेतला, आणि वर येता येता मागून कोणी काही बोललं म्हणून वळून हसली.

खेळ घेऊन आलेली पाहुणी म्हणून वच्छलानं पहिला लोटा रुखमाबाईलाच दिला. ‘घ्या बाई, गार हाये.’

सगळे थांबले होते, पाहुणीनं प्याल्याशिवाय कोण पिणार? रुखमाबाईनं लोटा घेतला नाही. गुणवंतरावाचं तोंड उतरलं. ‘धिवराच्या बाईले कुणब्याच्या घरचं पाणी चालत नाई काय?’ असं म्हणून त्यानं तो लोटा स्वतःच्याच घशात ओतला. मग सगळे प्याले. ती तोंडाची फाटकी बाई दारातून बाजूला झाली.

‘पुढचं गाव कोणतं जी?’ केवळरामनं सामान बांधता बांधता विचारलं.

‘फीत वापस ने, भाऊ. आता तिच्यातून कोणी वर येत नाई.’

ती पायीच निघाली. रंभा गेल्यापासून तिच्या घरात उकळल्याशिवाय पाणी कोणी प्यालं नव्हतं. त्या दिवशी आपल्या गावच्या तळ्याकाठी ती थांबली. रंभा उतरली होती त्याच पायऱ्या उतरली, पदराची गाठ सोडली, फितीचे तुकडे पाण्यात टाकले. मग तिथंच वाकून ओंजळ भरली आणि प्याली. तहान तर तिलाही लागली होती.