दारावरची खोटी वेळ

व्हर्लिन डुप्लेसीला आमच्या शाळेत नुसत्या नावाने कुणी हाक मारत नसे. न्यू ऑर्लिन्सला, आमच्या भागात, मोठ्या बाईच्या नावाआधी ‘मिस’ लागतंच, मग ती आजी का झालेली असेना. एकोणीस वर्षं मिस व्हर्लिन ऑफिसातल्या पुढच्या टेबलाशी बसली. मी मागे स्वयंपाकघरात होते. कुठल्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत आणि कुणाचे वडील घर सोडून गेलेत, हे मला तिच्याकडूनच कळायचं.

शाळा चार्टर होती. फी नाही, सरकारचीच म्हणायची. पण कारभार सात जणांच्या मंडळाच्या हाती. मंडळाची बैठक असली की चोवीस तास आधी तिची सूचना लोकांना दिसेल अशी लावायची, असा कायदा. ते काम मिस व्हर्लिनचं. मुलांना सोडायला येणाऱ्यांच्या बरोबर नजरेसमोर, काचेच्या मोठ्या दारावर ती कागद चिकटवायची आणि खाली वार, वेळ लिहून सही करायची. एवढ्यावर ती थांबत नसे. गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणायची, “बाळा, गुरुवारी ये हं बैठकीला. बसच्या फेऱ्या कमी करतायत. मागाहून माझ्यापाशी गळा काढू नकोस.”

त्या जानेवारीत, एका गुरुवारी दुपारी तीन वाजता, मुख्याध्यापक हेन्सली तिच्या टेबलाशी आले. बैठक त्याच दिवशी साडेपाचला होती.

“मिस व्हर्लिन, हे आत लावा. ऑफिसातल्या फळ्यावर.”

“आत कोण बघणार, सर? आणि हे कालच लागायला हवं होतं.”

“म्हणूनच कालची वेळ घाला.” त्यांनी डोळे चोळले. माणूस दुष्ट नव्हता, थकलेला होता. “एवढं करा माझ्यासाठी.”

कागदावर सातवा विषय होता, ‘संस्थेच्या पुढील वाटचालीबाबत’. तिने ‘बुधवार, दुपारी तीन’ लिहिलं आणि सही केली.

बैठकीचं टिपण तीच घ्यायची. समोर पालकांच्या खुर्च्या रिकाम्या. दहा मिनिटांत ठराव झाला: मे महिन्याअखेर शाळा बंद. पालकांना फेब्रुवारीत कळवायचं. दुसऱ्या शाळांसाठी अर्ज भरायची मुदत पुढच्याच आठवड्यात, शुक्रवारी संपत होती. एका सभासदाने मुदतीचा विषय काढला, तर हेन्सली म्हणाले, “आत्ता सांगितलं तर निम्मी मुलं, निम्मे शिक्षक उद्याच निघून जातील. मेपर्यंत शाळा उभी राहणार नाही.” मिस व्हर्लिनने तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेनीशा गिलरी दाराशी थांबली. मिस व्हर्लिनच्या दोन घरं पलीकडे राहणारी. तिच्या मुलीला, अमाराला, फिट यायच्या. नर्स असलेली शाळाच लागायची.

“मिस व्हर्लिन, माझी बहीण म्हणते आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकून ठेव. टाकू का? का पुढच्या वर्षीही इथेच आहोत आपण?”

मिस व्हर्लिन नंतर मला म्हणाली, “तोंडात होतं गं माझ्या. पण मागे सरांचं दार उघडं होतं.”

ती डेनीशाला म्हणाली, “कशाला उगीच धावपळ करतेस? अमाराची नर्स आहे ना इथे.”

“तेच म्हटलं मी तिला,” डेनीशा हसली आणि कामावर गेली.

शनिवार-रविवार मिस व्हर्लिन घराबाहेर पडली नाही, चर्चलाही नाही. सोमवारी मी राजमा-भात वाढून तिच्या टेबलावर ठेवला. दोन वाजता उचलायला गेले, तर तसाच.

“बरं नाही का तुला?” मी विचारलं.

“मी खोटी सही केली, ईला,” ती म्हणाली आणि मला सगळं सांगितलं.

मला धसकाच बसला. माझी नोकरी डोळ्यापुढे आली. “आता बोलून काय होणार? गप्प बस,” असं मीच तिला म्हटलं. लपवत नाही.

मंगळवारी सकाळी सातला तिने बैठकीचं टिपण काचेच्या दारावर लावलं, सगळी चार पानं. खाली निळ्या पेनाने ठळक लिहिलं: ‘बैठकीची सूचना मी गुरुवारी तीन वाजता लावली. बुधवार लिहिलं ते खोटं. अर्जाची मुदत या शुक्रवारी संपते. व्हर्लिन डुप्लेसी.’

पहिली गाडी थांबली ती हललीच नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले, मग तेही उतरून दाराशी आले. कुणी फोटो काढत होतं, कुणी मोठ्याने वाचून दाखवत होतं. हेन्सली धावत आले.

“काय केलंत हे? सही तुमची आहे. बनावट नोंद म्हणून तुमच्यावरच येईल.”

“माझीच आहे, सर. तेच लिहिलंय खाली.”

तेवढ्यात डेनीशा गर्दीतून पुढे आली. ओरडली नाही ती. “शुक्रवारी विचारलं होतं मी तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं.”

“हो, बाळा.”

“बाळा म्हणू नका मला.”

दहा वाजता मिस व्हर्लिनला घरी पाठवलं. महिनाअखेर कामावरून काढलं. कारण दिलं, खोटी नोंद. कुणी सांगून केली, ते पत्रात नव्हतं. कायदा मोडला म्हणून मंडळाला ठराव रद्द करून, रीतसर सूचना लावून पुन्हा बैठक घ्यावी लागली. त्या वेळी दालनात उभं राहायला जागा नव्हती. लोक तीन तास बोलले, आणि ठराव पुन्हा तोच झाला.

पण त्या मंगळवारपासून शुक्रवारपर्यंतचे चार दिवस हाती आले होते. मिस व्हर्लिनने चर्चच्या तळघरात एक टेबल मांडलं आणि शुक्रवारपर्यंत तिथे बसून अर्ज भरून दिले. मुलांच्या जन्मतारखा, लसी तिला पाठ होत्या. मी सँडविच घेऊन जायची. डेनीशा त्या टेबलाशी आली नाही. तिने अर्ज बहिणीकडे बसून भरला. अमाराला नर्स असलेली शाळा मिळाली, दोन बस बदलून जावं लागतं अशी.

नऊ घरांपर्यंत बातमी वेळेत पोहोचली नाही. कुणाचा फोन बंद होता, कुणी बंदरावर दोन-दोन पाळ्या करत होतं. त्यांच्या मुलांना उरलीसुरली जागा घ्यावी लागली. एका घरच्या दोघी बहिणी दोन वेगळ्या शाळांत गेल्या. मिस व्हर्लिन नऊही दारांवर माफी मागायला गेली. सहा जणांनी आत बोलावलं, दोघांनी दारातच ऐकून घेतलं. बहिणींच्या आईने जाळीच्या दारामागून विचारलं, “गुरुवारी तीन वाजता सांगितलं असतंत, तर तेव्हाही नोकरीच गेली असती ना?”

“हो,” मिस व्हर्लिन म्हणाली, “तेवढीच गेली असती.”

बाईने दार लावून घेतलं. मिस व्हर्लिन पायऱ्या उतरून माझ्या गाडीत येऊन बसली. बराच वेळ तिने पट्टा लावला नाही, आणि मीही गाडी सुरू केली नाही.