गोपाळरावांनी काढून ठेवलेले हातमोजे

गोपाळकृष्ण दिघे उज्जैनच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढत. त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या दरबारात कारकून होते, पण हे ते स्वतः कधी सांगत नसत. सांगत त्यांच्या पत्नी, अनसूयाबाई. पोरं त्यांना फोटोवाले काका म्हणत.

माझी ओळख झाली ती माझ्या मुलीमुळे. जयू चार वर्षांची असताना तिच्या छातीत क्षय निघाला आणि दर काही महिन्यांनी फोटो काढून बघायचं ठरलं. पहिल्याच दिवशी गोपाळरावांनी शिशाचं जड एप्रन माझ्या गळ्यात अडकवलं.

“आणि तुम्हाला?” मी विचारलं.

“एकच आहे, वहिनी. तुम्हाला अजून लेकरं व्हायची आहेत. मी तर रोजचाच, किरणं मला पहचानतात.”

मी बी.ए. झालेली, पण तत्त्वज्ञान घेऊन. शिसं किरणांना कसं अडवतं ते मला कळेना. ते म्हणाले, “भैरवगढचे छीपे कापड छापताना रंग नको असेल तिथे लेप लावतात ना? लेपाखाली रंग चढत नाही. बस, तसंच.”

शिशाचे हातमोजेही होते, काळे, ताठ, कोपरापर्यंत येणारे, अस्वलाच्या पंजांसारखे. ते जवळ येताच जयू “भालू, भालू” करत किंचाळली. ती हलली आणि फोटो धुरकट आला. पुन्हा काढला, तरी तेच. मग गोपाळरावांनी हातमोजे काढून खिडकीत ठेवले, उघड्या हातांनी तिचे खांदे धरले आणि शिपायाला कळ दाबायला सांगितली.

“बघ, भालू जंगलात गेला,” ते म्हणाले. जयू गप्प बसली.

सगळ्याच लहान मुलांसाठी ते असं करत. रडणाऱ्या मुलावर पुन्हा पुन्हा किरण टाकण्यापेक्षा एकदाच नीट फोटो काढावा, असं त्यांचं म्हणणं. मुलांच्या बाजूनं ते बरोबरच होतं.

त्यांच्या बोटांची कातडी सुकून चिरली होती, नखं उभी फुटली होती. फोटो धुण्याच्या औषधी पाण्यानं असं होतं, असं ते सांगत, आणि दवाखान्यातही सगळे तसंच समजत. संध्याकाळी अनसूयाबाई त्या बोटांना तूप चोळून देत. मी एकदा ते पाहिलं आणि घरी येऊन जयूचे खांदे दिव्याखाली धरून तपासले. काही नव्हतं.

छप्पन साली त्यांच्या उजव्या तर्जनीवर एक जखम झाली ती भरेना. इंदूरहून बदलून आलेल्या नव्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितला. हे पाण्याचं नाही, किरणांचं आहे, ते म्हणाले. कर्करोग होता. दोन बोटं लगेच काढली तर हात वाचेल.

त्याच हिवाळ्यात मध्यभारत राज्य संपून मध्यप्रदेश झाला होता, राजधानी भोपाळला गेली होती. कोणाची जागा राहील, कोण भोपाळला जाईल, कोण जादा ठरेल, याशिवाय कुणी दुसरं बोलत नसे. गोपाळराव काही केल्या ऑपरेशनला तयार होईनात. अनसूयाबाई माझ्याकडे आल्या. “तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ऐकतील.” मी त्यांच्याबरोबर माधवनगरला त्यांच्या घरी गेले.

“वहिनी,” गोपाळराव म्हणाले, “ग्वाल्हेरनं ठेवलं, मध्यभारतानं ठेवलं. आता भोपाळवाले आधी दिघेची बोटं मोजतील. कमी निघाली की म्हणतील, चलो, घर बैठो. नव्या राज्यात नाव पक्कं होऊ द्या, मग बघू.”

“बोटं राहिली आणि तुम्हीच नाही राहिलात तर?” अनसूयाबाई म्हणाल्या.

“तर भोपाळहून दुसरा आण. राजधानी आहे, छान छान मिळतील.”

अनसूयाबाई हसल्या नाहीत. उठून आत गेल्या. मी आणखी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला.

उन्हाळ्यात जागा कायम झाल्याचा हुकूम आला. तोवर त्यांच्या काखेत गाठ उठली होती. डॉक्टरांनी अनसूयाबाईंना समजावलं, की काखेतल्या गाठी अशा रोगाला काही काळ अडवून धरतात, पण पुढे त्याच त्यानं भरून जातात. इंदूरला गोपाळरावांचा उजवा हात खांद्यापासून काढला.

घरी आल्यावर ते कुणासमोर जेवेनात. डाव्या हातानं घास घ्यायची त्यांना लाज वाटे. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, “जयूचा फोटो झाला?”

झाला नव्हता. त्यांचा हात पाहिल्यापासून मला त्या खोलीची भीती बसली होती. त्यांना ते समजलं.

“टाळू नका, वहिनी. मी ती किरणं वर्षानुवर्षं रोज घेतली. तिचं तसं नाही. छाती साफ झाली की नाही ते बघायला तर पाहिजे.”

पुढच्या आठवड्यात मी जयूला घेऊन गेले. नवा माणूस होता. जयू मुकाट्यानं उभी राहिली. छाती स्वच्छ निघाली. तो फोटो गोपाळरावांना दाखवावा म्हणून मी मागून घेतला आणि तिथूनच टांगा करून माधवनगरला गेले. दिघ्यांच्या फाटकापाशी माणसं उभी होती, दोघं बांबू बांधत होते. जयू टांग्यातून उतरायला लागली, तशी मी तिला धरून ठेवलं.