अण्णाचा उजवा पाय

अण्णाचा पाय बरा झाला कधी? मी सगळ्यांना विचारून बघितलं. हाडवैद्य म्हणतो, गणपतीआधीच. आई म्हणते, दिवाळीला. आमचे वस्ताद म्हणाले, "पाय केव्हाच बरा झाला होता रे. अण्णाला कोणी कळवलं नव्हतं." खरं अण्णालाच ठाऊक, आणि तो माघात तापाने गेला. तेव्हापासून भेटायला येणारा जो तो त्या पायाचा एक किस्सा ठेवून जातो. घरात आता बसायला जागा उरलेली नाही.

*

अण्णा माझा थोरला भाऊ. आमच्या तालमीत मल्लखांबाच्या अगदी टोकाच्या बोंडावर उभं राहून हात सोडणारा तो एकटा. मी निम्म्यापर्यंत जायचो आणि घसरायचो. पावसाळ्यात अण्णा वरून पडला, उजवा पाय मोडला. हाडवैद्याने पट्ट्या सोडल्या त्या दिवशी पाय थोपटून सांगितलं, "आता याच्यावर घर बांधलंत तरी चालेल." अण्णा काठी टेकत, लंगडत घरी आला.

*

एकदा अण्णा आणि त्याचा जोडीदार गोट्या बंदरावरून परतत होते. पिसाळलेलं कुत्रं मागे लागलं. अण्णाने काठी टाकली, चिऱ्याचा गडगा एका उडीत ओलांडला आणि पलीकडे पाय धरून बसला.

"दुखतोय काय रे?" गोट्याने विचारलं.

"फार."

"मग उडी मारलीस कशी?"

"तेव्हा माझं लक्ष कुत्र्याकडे होतं."

*

तालमीचा रिवाज असा, की पडलेल्या गड्याने पुन्हा चढायच्या सकाळी खांबाला स्वतः एरंडेल चोळायचं. अण्णा रोज सकाळी तेल चोळायचा. चोळता चोळता तालीम सुटायची वेळ व्हायची. खांब इतका गुळगुळीत झाला की बाकीचे धरल्या जागेवरून खाली यायला लागले.

वस्ताद म्हणाले, "अण्णा, खांब आहे तो. नवरदेव नव्हे."

"उद्या चढतो, वस्ताद."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल.

*

मी एकदा भडकलो. मला राहवतच नाही. भर रस्त्यात म्हटलं, "घाबरलास म्हणून सरळ सांग ना. डाव्या पायाने लंगडतोयस तू. मोडला होता उजवा."

अण्णाने खाली बघितलं. पाय बदलला आणि पुढे चालू लागला.

*

तापात तो आईला सांगायचा, "तेल काढून ठेव. आज चढतो." मग गेलाच.

तिरडीला तालमीतल्याच पोरांनी खांदा दिला. उतारावर गोट्या अडखळला. मागून वस्ताद म्हणाले, "उजवा पाय सांभाळा रे त्याचा."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी सांभाळला.

*

तेरावं झालं. मला मुंबईच्या बोटीत बसायचं होतं, गिरणीत काम मिळालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तालमीत निरोप घ्यायला गेलो. खांब कोरडा ठणठणीत. गोट्याचा म्हणे खांदा आखडला होता. दुसऱ्याचं मनगट. वस्तादांची कंबर. अण्णा गेल्यापासून कोणी खांबाला हात लावला नव्हता.

मी एरंडेलाची बाटली काढली. खांब खालपासून चोळला. मग चढलो. निम्म्यावर घसरलो नाही. बोंडावर उभा राहिलो आणि हात सोडले.

खाली उतरलो आणि लंगडत दाराकडे निघालो.

"उजवा रे, मेल्या," मागून गोट्या म्हणाला.

मी पाय बदलला.