वाफसा आला का, मावशी?

वडिलांमागे अकोटजवळचं चार एकर वावर माझ्याकडे आलं आणि पहिल्याच वर्षी, पावसाच्या दुसऱ्या दिवशी, मी त्यात ट्रॅक्टर घातला. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्यापासून दहा पावलांवर ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतला. माझं शहरात, राजापेठेत, स्टेशनरीचं दुकान. मातीशी संबंध एवढाच, की बूट पुसायचे. बायको, सुनंदा, वावर विकायच्या मताची. "एक हंगाम करून पाहा," तिनं बजावलं होतं, "नाही जमलं तर विकायचं."

शेजारच्या वावरातून पंचफुलामावशी आली. साठीची, सडपातळ, हातात विळा. माझ्याकडे न बघता ट्रॅक्टरकडेच बघत म्हणाली, "काहून घातलं याले आत? वाफसा तरी येऊ द्याचा."

"कधी येतो?"

"एसटी हाय का भाऊ तो, टायमावर याले?"

तिनं मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. तो कणकेच्या उंड्यासारखा चपटा बसला. "असा बसला म्हंजे चिखल. पडून फुटला पायजे. ओल हाय पन चिकटत नाही, तवा वाफसा."

मी दुकानातली दोनशे पानी वही आणून शब्द लिहायला लागलो. पण मावशीला एक शब्द विचारला की दुसरा गळ्यात पडायचा. "डवरणी म्हणजे?" "वखरणीवानीच तन काढाचं, पन उभ्या पिकात." "आणि वखरणी?" "डवरणीवानीच, पन पेराच्या आंधी." वर माझ्याचकडे अशी बघायची, जणू वर्गात नापास ती झाली आहे आणि दोष माझा आहे.

मी दुकानातून रोज फोन करायचो. "मावशी, वाफसा आला का?"

"माह्या मुठीनं तुमाले काय समजन? इथं या, वाकून पाहा."

शेवटी तिनं माझा फोन उचलणंच सोडलं.

कपाशी उगवली. जिथं बी उगवत नाही तिथं पुन्हा टोचायचं, याला नांग्या भरणं म्हणतात, हे मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि घरी आलो. आठवड्यानं गेलो, तर मावशीनं माझ्या अर्ध्या ओळी स्वतःच भरलेल्या. मी आभार मानायला तोंड उघडलं.

"लिवून झालं का करा बी लागते, भाऊ," ती म्हणाली आणि उरलेलं बियाणं माझ्या हातात दिलं. संध्याकाळी माझी कंबर सरळ होईना.

तिच्या जिवावर तो हंगाम निभला. शेवटची वेचणी झाली तशी म्हणाली, "झाली उलंगवाडी. आता या वाळल्या पऱ्हाट्या उपटा."

त्याच उन्हाळ्यात मावशी गेली. सकाळी ओट्यावर चहा घ्यायला बसली, ती उठलीच नाही. "आता कोणाला विचाराल?" सुनंदा म्हणाली आणि विकायचा विषय पुन्हा निघाला.

या वर्षी चांगला पाऊस झाल्यावर आम्ही दोघं वावरात गेलो. विकायच्या आधी एकदा बघून घेते, असं ती म्हणाली होती. सवयीनं मी मावशीचा नंबर लावला आणि घाईघाईनं कापला. मग मूठ भरली, गोळा सोडला. अर्धा फुटला, अर्धा नाही. दुसरा तसाच. तिसऱ्याला मी पिशवीतली वही काढली.

सुनंदानं पर्स धुऱ्यावर ठेवली, वाकून माती घेतली, दाबली आणि कमरेच्या उंचीवरून सोडली. गोळ्याचे चार तुकडे झाले.

"लावा ट्रॅक्टरवाल्याले फोन," ती हात झटकत मावशीच्या बोलीत म्हणाली. "तुमचा फोन उचलणं सोडल्यावर मावशी मलाच फोन करून कुंडीतल्या मातीचे गोळे सोडायला लावत होती. म्हणे, त्याईच्यानं हे होत नाही बाई, तूच शिकून घे."