तलावातले पन्नास मीटर

बाबांनी गावच्या तलावात माझ्यासाठी पन्नास मीटर आखले, तेव्हा मी बारा वर्षांची होते. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखनीपासून आत, भातशेतीचं. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मी पोहण्यात पहिली आले होते. आम्ही तिघीच होतो आणि त्यातली एक अर्ध्यातून बाहेर आली होती; पण बाबांनी हे कुणाला कधी सांगितलं नाही.

धानाच्या बांधीची, म्हणजे शेताच्या तुकड्याची, वाटणी करताना वापरायची दोरी घेऊन ते तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, चालत गेले आणि पाण्यात दोन बांबू रोवले. "हे झाले पन्नास," म्हणाले. विचारायची सोय नव्हती. स्वतः त्यांना पोहता येत नव्हतं. छातीएवढ्या पाण्यापलीकडे ते कधी गेले नाहीत. पण ब्रेस्टस्ट्रोक कसा मारावा, हे त्यांना मोबाइलवरून पूर्ण कळलं होतं. रोज नवा व्हिडिओ, रोज नवी सूचना. सोमवारी गुडघे जवळ ठेवायचे, मंगळवारी फाकवायचे. बुधवारी मी कंटाळून मनाला येईल तसं पोहले की तेच सगळ्यात बरोबर, असं ते पाळीवरून ओरडून सांगायचे. बैल धुवायला आलेली माणसंही मग आपापलं मत द्यायची.

वर्षभर मी शाळेआधी त्या दोन बांबूंमध्ये फेऱ्या मारल्या. बाबा मोबाइलवर वेळ लावायचे. ती वेळ इतकी चांगली यायची, की माझ्या वयाच्या मुलींचा राज्यातला विक्रम मी रोज सकाळी मोडत होते. लाखनीच्या बाजारात, खताच्या दुकानात, शाळेत मुख्याध्यापकांपुढे बाबांनी हे सांगून टाकलं. मीही विश्वास ठेवला. बारा वर्षांच्या मुलीला आपण सगळ्यात वेगवान आहोत असं सांगितलं, तर ती कशाला शंका घेईल?

नागपूरला विभागीय स्पर्धेत मी पहिल्यांदा खरा पोहण्याचा तलाव पाहिला. सरावाला उतरले आणि भिंत येईचना. तिथे भिंत असायला हवी होती आणि समोर नुसतं निळं पाणी. कशीबशी पोचले, तेव्हा दम संपला होता. शंभर मीटरच्या शर्यतीत तर त्याहून वाईट झालं. मला बांबूला एका हाताने धरून वळायची सवय. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, नाही तर बाद. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. रोज नवा व्हिडिओ पाहणाऱ्या माणसालाही नव्हतं.

बाबा रेफरीबाईंकडे गेले. पोरगी पूर्ण अंतर पोहली, मग बाद कशी, असं विचारत राहिले. बाईंनी शांतपणे हात करून दाखवले, दोनदा. मी ओल्या केसांनी बाजूला उभी होते आणि जमीन फाटावी असं वाटत होतं.

घरी आल्यावर मी गावातल्या गवंड्याकडून टेप आणली. त्या जागी पाळ विळ्यासारखी वळलेली आहे. बाबांनी वळणावरून मोजलं होतं आणि मी सरळ पोहत होते. दोन बांबूंमध्ये एकेचाळीस मीटर भरले. बाबांनी टेप हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "टेप बरोबर आहे ना?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते गोठ्याचं जुनं फाटक उचलून तलावात घेऊन गेले. बांबू नीट अंतरावर रोवून त्यांना ते फाटक भिंतीसारखं बांधायचं होतं. ऐन धान रोवण्याचे दिवस होते, शेतात माणूस कमी पडत होता आणि हा माणूस छातीएवढ्या पाण्यात खुंट्या ठोकत होता. आई पाळीवर येऊन उभी राहिली. "बांधी कोन रोवन? तुमचं फाटक?" एवढंच बोलून ती शेतात गेली. फाटक दोनदा पडलं. तिसऱ्यांदा टिकलं, पण आठ दिवसांत त्यावर शेवाळ चढलं आणि माझे हात घसरायला लागले. बाबा रोज सकाळी ते घासायचे आणि मी वैतागून पाण्यात उभी राहायचे. दोन्ही हात, वळण, धक्का. पुन्हा दोन्ही हात.

पुढच्या वर्षी मी विभागात पहिली आले, राज्यात तिसरी. त्यानंतरच्या वर्षी राज्यात सुवर्ण. गावात सत्कार झाला, त्या फलकावर मी कबड्डीपटू होते. मी तक्रार केली, तर बाबा म्हणाले, फोटो तर तुझाच आहे.

मग नागपूरचे एक प्रशिक्षक मला शिकवायला तयार झाले. मी तिथे राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, गुडघे एवढे फाकवायचे नाहीत, सांधे जातील. बाबांना हे पटलं नाही. ते प्रशिक्षकांना रोज फोन करायला लागले. एकदा बसने आले आणि तलावाच्या काठावरून, प्रशिक्षकांच्या शेजारी उभं राहून, मला ओरडून सांगायला लागले. मी पाण्याबाहेर आले.

"बाबा, आता तुमी मले शिकवू नका," मी म्हणाले.

त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. "पाहाले तं येऊ शकतो ना?"

आले. प्रत्येक स्पर्धेला आले. प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर मांडीवर पिशवी घेऊन बसायचे आणि अवाक्षर बोलायचे नाहीत. याचा मला ओरडण्याहून जास्त त्रास व्हायचा. मी राज्यात सलग तीन वर्षं सुवर्ण घेतलं, राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य. त्या रौप्याच्या दिवशीही मी वर पाहिलं, तर ते पिशवीचा बंद सोडत आणि बांधत होते.

तेविसाव्या वर्षी उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, लहानपणीच्या चुकीच्या सवयीमुळे झीज झाली असावी. मी हे घरी सांगितलं नाही. पण बाबांनी कुठून तरी ऐकलं. अंगणात धान वाळत होतं, ते पायाने पसरता पसरता खाली पाहूनच म्हणाले, "माह्यानं झालं का ते?"

"नाही," मी म्हणाले. फार चिडून म्हणाले, कारण हो म्हणायचं होतं. त्यांना माझा आवाज कळला. ते धान पसरत राहिले.

आता मी भंडाऱ्यात मुलींना पोहायला शिकवते. तिथल्या पोहण्याच्या तलावात वर्षातले चार महिने पाणी नसतं, ते वेगळंच. गेल्या महिन्यात बाबा आले होते. बाकावर बसून तासभर पाहत होते. निघताना म्हणाले, "त्या लाल टोपीवाल्या पोरीचा डावा पाय आत वळते." मी म्हटलं, मला दिसतं, तुम्ही राहू द्या.

मला दिसलं नव्हतं. त्यांची बस गेल्यावर मी त्या मुलीला पुन्हा पाण्यात उतरवलं.