मिस्त्रीचाचांनी ओळखलेलं यंत्र

दिग्रसला कापसाच्या जिनिंगसमोरच्या रस्त्यानं जाता जाता, आतल्या कोणत्या मशीनचं बेअरिंग कोरडं पडलंय ते मिस्त्रीचाचा नुसत्या आवाजावरून सांगायचे. कुणी शंका घेतली तर भांडायचे नाहीत, "पाहून ये" म्हणायचे. पाहून आलेला माणूस पुन्हा शंका घेत नसे. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी बांधणारे प्रेस दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. यंत्र समोर असलं की मात्र त्याच्या लोखंडाला हात लावल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही.

गल्लीतल्या मंडळींनी कोकणची सहल काढली, तेव्हा शेजारधर्म म्हणून मीच त्यांना ओढून नेलं. तिथल्या समुद्रकाठच्या एका किल्ल्यात आता संग्रहालय आहे. मी इतिहासाचा मास्तर, तेव्हा पाट्या मोठ्यानं वाचायचा मान माझा. चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. 'हात लावू नये' हे मी वाचून दाखवलं, तसे त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले ते बांधलेच.

एका दालनात जाड पाटांचं, मध्ये भला मोठा स्क्रू असलेलं जुनं यंत्र होतं. मी वाचलं, 'तोफा उचलण्याचे यंत्र'. पुढच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, सगळे तिकडे धावले. जन्मात पहिल्यांदाच समुद्राकाठी आलेले चाचा मात्र यंत्रापाशीच वाकून उभे.

"सर, हे तोफेचं नाही. हा रुईच्या गाठी दाबाचा प्रेस हाये."

चाचा, जाणकारांनी लिहिलंय ते, असं मी म्हणालो. तेही चारचौघांत, हसून. मंडळीही हसली. चाचांचा चेहरा उतरला, पण ते जागचे हलले नाहीत.

"लिहिनाऱ्यानं कधी गाठ बांधली नसन," एवढंच म्हणाले.

हसणं ऐकून संग्रहालयाच्या अधिकारी बाई आल्या. चाचांनी हात न सोडता हनुवटीनंच दाखवलं. "खालच्या पाटाले ह्या खाचा कायले असतीन, मॅडम? रुई दाबून धरली का बांधाची पट्टी याच्यातूनच ओवा लागते. वरच्या पाटालेबी असतीन. पाहा."

बाईंनी मोबाईलच्या उजेडात वर पाहिलं. खालच्या खाचांच्या अगदी समोर तशाच खाचा होत्या. मग त्यांनी वही काढून चाचांचं नाव-गाव लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी हे आमच्या दिग्रसचे, असं मी त्यांना तीनदा सांगितलं.

काही महिन्यांनी बाईंनी नव्या पाटीचा फोटो पाठवला. मी तडक जिनिंगमध्ये जाऊन वाचून दाखवला. 'रुईच्या गाठी बांधण्याचा प्रेस', आणि खाली, ओळख पटवणारे म्हणून चाचांचं पूर्ण नाव, दिग्रस. चाचांनी हात पुसले, फोटोवरून बोट फिरवलं.

"आता बरोबर वाचलं, सर."

चाचा गेल्या हिवाळ्यात गेले. उन्हाळ्यात मी एकटाच पुन्हा त्या किल्ल्यावर गेलो. हात पाठीमागे बांधून पाटी मोठ्यानं वाचली, नाव तर जरा जास्तच मोठ्यानं. रखवालदार म्हणाला, हळू वाचा.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचली, तेवढ्याच मोठ्यानं.